शब्द थोडे, धास्ती मोठी : बौद्धिक दिव्यांग प्रौढांसाठी कलोपचार



आजच्या विषयाचं नाव पत्रिकेवर जरा लांबलचक छापलं आहे. बौद्धिक दिव्यांगता असलेल्या प्रौढ माणसांची चिंता कमी करायला चित्रं, माती, सुईदोरा यांचा उपयोग होतो का, आणि होत असेल तर तो कशामुळे, एवढंच मला सांगायचं आहे. माझ्या नावाआधी डॉक्टर लागतं, पण ते तत्त्वज्ञानाचं. मला नाडी बघता येत नाही, गोळी देता येत नाही. तत्त्वज्ञानाच्या माणसाला एक काम मात्र बरं जमतं. ज्या शब्दांवरून आपण रोज भराभर पुढं जातो, त्यांच्यापाशी थांबून ते उलगडून बघायचे. आज आपण तीन शब्दांपाशी थांबू : बौद्धिक दिव्यांगता, चिंता आणि कला.

पहिला शब्द घेऊ. गावात सरळ 'येडं' म्हणतात आणि विषय संपवतात. शाळांच्या पाट्यांवर पूर्वी 'मतिमंद' असायचं, आता 'बौद्धिक दिव्यांग' किंवा 'विशेष' असतं. शब्द बदलला हे चांगलंच झालं, पण अर्थ कळला पाहिजे. समजून घेणं, शिकणं आणि रोजचे व्यवहार करणं यांत वाढीच्या वयापासूनच मर्यादा असणं, म्हणजे बौद्धिक दिव्यांगता. हा आजार नव्हे. ताप येतो आणि उतरतो, तसं हे येत नाही आणि उतरतही नाही. कायद्यानंही हा फरक केला आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमात मानसिक आजाराची व्याख्या देताना ही बौद्धिक मर्यादा स्पष्टपणे बाहेर ठेवली आहे. तिची जागा २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात आहे, २१ प्रकारांच्या यादीत. २०११ च्या जनगणनेत देशभरात अशा १५ लाखांहून अधिक माणसांची नोंद झाली.

पण इथं एक गोम आहे. ही स्थिती आजार नाही, म्हणून त्या माणसाला मनाचा त्रासच होत नाही, असं आपण समजतो. 'त्याला काय कळतंय? त्याला कसली काळजी?' हे वाक्य तुम्ही सगळ्यांनी ऐकलं असेल. काहींनी म्हटलंही असेल. उलट, ज्याला जग नीट समजावून सांगितलं जात नाही, त्याला जगाची धास्ती जास्त असते. काळजीला हिशेब यावा लागत नाही.

आणि 'प्रौढ' हा शब्द आपण वाचतो, पण मनावर घेत नाही. तीस-पस्तीस वर्षांचा माणूस घरात 'बाळ्या' असतो. पुतणे त्याला काका म्हणत नाहीत. त्यानं कोणता सदरा घालायचा, कधी जेवायचं, कुणाकडं जायचं, हे दुसरंच कुणीतरी ठरवतं. विशेष शाळा साधारण अठराव्या वर्षी संपते. पुढं कार्यशाळा हवी, ती सगळ्या तालुक्यांत नाही. मग तो ओट्यावर बसतो. दहा वर्षं, वीस वर्षं. लहान मुलांच्या कामासाठी आपल्याकडं शाळा निघाल्या, चांगल्या निघाल्या. पुण्यात १९६४ साली कामायनी निघाली. नाशिकमध्ये रजनी लिमये यांनी १९७७ साली प्रबोधिनी सुरू केली. त्या शाळांनी एक पिढी उभी केली. पण शाळेतलं मूल मोठं होतं, त्याच्या दाढीला पांढरे केस येतात, तेव्हा त्याच्या मनाचं काय, हा प्रश्न आपण अजून पुरता विचारलेलाच नाही.

आता दुसरा शब्द, चिंता. चिता आणि चिंता यांत एका टिंबाचा फरक, हे आपण शाळेपासून ऐकत आलो. पण आपल्या भाषेत या एका गोष्टीसाठी कितीतरी शब्द आहेत बघा. भीती, काळजी, धास्ती, धसका, घालमेल, हुरहूर. भीती कशाची तरी असते. कुत्र्याची असते, विजेच्या कडकडाटाची असते. घालमेल कशाची ते सांगता येत नाही. जीव टांगणीला लागलेला असतो, आणि कशासाठी लागला ते नेमकं माहीत नसतं. युरोपातल्या तत्त्वज्ञांनी भीती आणि चिंता यांच्यातल्या या फरकावर पुस्तकं लिहिली. आपल्या आज्यांना तो तसाच माहीत होता.

तुम्हाआम्हाला घालमेल झाली तर आपण काय करतो? शेजारी जाऊन बसतो, बोलतो. 'मला असं असं होतंय' म्हणतो. ज्याच्याजवळ शब्दच थोडे आहेत, तो काय करणार? तो तोच प्रश्न दिवसातून शंभर वेळा विचारतो. स्वतःचा हात चावतो. जेवण टाकतो. पोट दुखतंय म्हणतो. रात्री उठून येरझाऱ्या घालतो. एखाद्या दिवशी ताट भिरकावतो. आणि आपण म्हणतो, 'हे असंच आहे, ते तसंच वागणार.' म्हणजे त्याच्या वागण्याचं सगळं खापर आपण त्याच्या बुद्धीवर फोडतो. १९८२ साली स्टीव्हन रीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत नेमकं हेच दाखवून दिलं. बौद्धिक मर्यादेचं निदान एकदा झालं, की त्याची सावली बाकी सगळ्यावर पडते, आणि त्याच माणसाचा मनाचा त्रास तज्ज्ञालासुद्धा दिसेनासा होतो. तज्ज्ञाचं हे असेल, तर आपल्यासारख्यांचं काय सांगावं?

आता हे आपल्या जिल्ह्यात आणून बघू. मी एक माणूस कल्पनेनं तुमच्यापुढं उभा करतो. खरा कुणी नाही, पण तुम्हाला ओळखीचा वाटेल. त्याला महादू म्हणू. वय चौतीस. धारूर-वडवणीकडच्या डोंगरपट्ट्यातलं घर. भाऊ-भावजय ऊसतोडीला जातात. मुकादमाची उचल घेतलेली असते. दिवाळीच्या आगंमागं एका रात्री अंगणात ट्रॅक्टर येतो. भांडी, अंथरुणं, कोंबड्या, लेकरं सगळं वर चढतं. सकाळी महादू उठतो, तर घर रिकामं. राहिली म्हातारी आई आणि तो. कुणी सांगली-कोल्हापूरकडं गेलं, कुणी कर्नाटकात गेलं. पाच-सहा महिन्यांनी कारखान्याचा पट्टा पडतो, तेव्हा ती माणसं परत येतात. त्याच्या दृष्टीनं ती अचानक गेली आणि अचानक आली. मधल्या काळाला त्याच्याजवळ काही मापच नाही. मागं राहणाऱ्या शाळकरी लेकरांसाठी सरकारनं हंगामी वसतिगृहाची सोय केली. महादू शाळकरी नाही, म्हणून त्यात बसत नाही. सोबत नेलं, तर रोज नवा फड, नवी कोपी, पहाटेचा अंधार, ट्रकचे आवाज. मागं ठेवलं, तर हे असं रिकामं घर. दोन्हीकडं धसका आहेच.

यात दोन गोष्टी तुमच्या लक्षात आल्या असतील. एक, काय चाललंय ते त्याला कुणी सांगितलं नाही, आणि त्याला काय होतंय ते त्याला सांगता आलं नाही. दुसरी, यातला एकही निर्णय त्याचा नव्हता. माझ्या मते बौद्धिक दिव्यांग प्रौढांच्या चिंतेची ही दोन मोठी मुळं आहेत : न सांगता येणं आणि न विचारलं जाणं. औषधाची गरज असेल तिथं डॉक्टर ते देतील, द्यावंही. पण ही दोन मुळं गोळीनं निघत नाहीत. कलेचा उपयोग इथं आहे.

म्हणजे आपण तिसऱ्या शब्दावर आलो. ऑक्सफर्डला रॉबिन जॉर्ज कॉलिंगवुड नावाचे तत्त्वज्ञ होते. १९३८ साली त्यांनी कलेच्या तत्त्वांवर एक ग्रंथ लिहिला. त्यांचं म्हणणं मी माझ्या भाषेत सांगतो. माणसाच्या आत काहीतरी खदखदत असतं. काहीतरी आहे एवढं त्याला कळतं, पण काय आहे ते कळत नाही. त्याचं दडपण येतं. मग तो बोलतो, गातो, काही रेखाटतो. ते करता करता आत काय होतं ते त्याचं त्यालाच उमगायला लागतं. दुःख होतं ते दुःखच राहतं, पण दडपण हलकं होतं. आधी भावना ठाऊक होती आणि मग ती सांगितली, असं होत नाही. सांगता सांगताच ती कळते.

कॉलिंगवुड आणखी एक फरक करतात, तो तर आपल्या फारच कामाचा आहे. भावना बाहेर फुटणं वेगळं आणि भावना व्यक्त होणं वेगळं. माणूस भीतीनं पांढरा पडला, थरथरला, तर भीती बाहेर दिसली. पण ती व्यक्त झाली नाही, आणि म्हणून त्याला हलकंही वाटलं नाही. महादूनं ताट भिरकावलं, तेव्हा त्याची घालमेल बाहेर फुटली. ताट भिरकावून त्याला बरं वाटतं का? नाही, उलट आणखी त्रास होतो, वर बोलणी बसतात. व्यक्त व्हायला भाषा लागते. पण भाषा म्हणजे फक्त तोंडचे शब्द नव्हेत. हाताची हालचाल, अंगाचा डौल, रेघ, रंग, ही सगळी भाषाच, असं कॉलिंगवुड मानतात. ज्याची तोंडची भाषा थोडकी आहे, त्याच्या हाताच्या भाषेला जागा करून देणं, ही कलोपचाराची पहिली अर्धी बाजू झाली.

दुसरी अर्धी बाजू निर्णयाची. कोऱ्या कागदावर लाल घ्यायचा की निळा, हे कुणीतरी ठरवावं लागतं. मातीचा गोळा दाबायचा की लांबवायचा, रेघ कुठं थांबवायची, हेही ठरवावं लागतं. दिवसभर ज्याच्यासाठी सगळं दुसऱ्यांनी ठरवलं, त्याला तासाभरात असे पन्नास लहान निर्णय घ्यायला मिळतात. त्याचा निर्णय तिथं टिकतो, कुणी पुसत नाही. आपल्याकडं अभिनवगुप्तांनी रसाच्या अनुभवाला चित्ताची विश्रांती म्हटलं आहे. ते रसिकाबद्दल बोलत होते. पण ज्याला दिवसभर दुसऱ्याच्या तालावर हलावं लागतं, त्यालाही आपल्या हातातल्या कामापाशी अशी विश्रांती मिळत असावी, असं मला वाटतं.

आता तुम्ही म्हणाल, हे तत्त्वज्ञान झालं, पुरावा काय? 'आर्ट थेरपी' हा शब्द रूढ झाला एड्रियन हिल या ब्रिटिश चित्रकारामुळे, १९४२ च्या सुमारास. त्यांना क्षय झाला होता. क्षयरोग्यांच्या आरोग्यधामात पडल्या पडल्या ते चित्रं काढू लागले, आणि त्याचा आपल्याला उपयोग होतो असं दिसल्यावर शेजारच्या रुग्णांनाही शिकवू लागले. पुढं १९६४ साली ब्रिटनमध्ये आणि १९६९ साली अमेरिकेत या उपचारकांच्या संघटना झाल्या.

अभ्यासही झाले. दोनच सांगतो. २००५ साली अमेरिकेत ८४ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला. आधी त्यांना त्यांच्या भीतीच्या अनुभवाबद्दल लिहायला लावलं, म्हणजे चिंता वाढवली. मग काहींना मंडलाची आकृती रंगवायला दिली, काहींना चौकड्यांची आकृती, आणि काहींना नुसता कोरा कागद. आकृती रंगवणाऱ्यांची चिंता कमी झाली. कोऱ्या कागदाच्या गटात तसं झालं नाही. दुसरा अभ्यास २०१६ चा, फिलाडेल्फियातला. ३९ प्रौढांनी ४५ मिनिटं चित्रं, माती, चिकटकाम असं काहीही केलं. आधी आणि नंतर त्यांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी जोडलेलं संप्रेरक, मोजलं. सुमारे ७५ टक्के लोकांमध्ये ते उतरलं. आधी कधी चित्रकला केलेली असो वा नसो, त्यानं फारसा फरक पडला नाही.

पण हे अभ्यास बौद्धिक दिव्यांग माणसांवरचे नाहीत, आणि दुसऱ्या अभ्यासात तुलनेला वेगळा गटही नव्हता. बौद्धिक दिव्यांग प्रौढांवरचे अभ्यास थोडे आहेत आणि लहान आहेत. म्हणून कुणी 'चित्रं काढा, चिंता पळेल' असं छातीठोकपणे सांगितलं, तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. काम करण्याजोगी आशा आहे, एवढं नक्की म्हणता येईल. आणि त्या पहिल्या अभ्यासातून एक व्यावहारिक गोष्टही मिळते. कोरा कागद सगळ्यांना मोकळं करत नाही, काहींना तो घाबरवतो. थोडा आधार असला, की हात चालतो. आपल्याकडं हा आधार प्रत्येक अंगणात आहे. ठिपक्यांची रांगोळी! ठिपके आधी असतात, ते कसे जोडायचे ते आपलं आपण बघायचं. चौकट पण आहे आणि मोकळीक पण आहे.

एका बाईंची हकीकत सांगतो. ज्युडिथ स्कॉट, जन्म १९४३, अमेरिका. डाउन सिंड्रोम होता, ऐकू येत नव्हतं, बोलता येत नव्हतं. ऐकू येत नाही हे कितीतरी वर्षं कुणाच्या ध्यानातच आलं नाही. निदानाची सावली म्हणतात ती ही. सातव्या वर्षी संस्थेत टाकलं, तीन दशकांहून जास्त काळ ती तिथं होती. मग जुळ्या बहिणीनं, जॉइसनं, तिला घरी आणलं आणि १९८७ साली ओकलंड शहरातल्या क्रिएटिव्ह ग्रोथ या कलाकेंद्रात घातलं. हे केंद्र दिव्यांग प्रौढांसाठीच १९७४ साली सुरू झालेलं. तिथं जवळजवळ दोन वर्षं ज्युडिथनं काहीच मनावर घेतलं नाही. रंग दिले, खडू दिले, तिला त्यात गोडी वाटेना. मग एक दिवस दोऱ्याचं काम तिच्यासमोर आलं. त्या दिवसापासून ती वस्तूंभोवती दोरे, लोकर, चिंध्या गुंडाळू लागली. गुंडाळत गुंडाळत मोठमोठी शिल्पं झाली. २००५ साली ती वारली तोवर दोनशेच्या आसपास कामं झाली होती. आज ती मोठ्या संग्रहालयांत आहेत.

ही गोष्ट ऐकून लोक म्हणतात, बघा, केवढी कलाकार! मला त्यातली दोन वर्षं महत्त्वाची वाटतात. दोन वर्षं त्या केंद्रातल्या लोकांनी तिला हाकललं नाही, जबरदस्ती केली नाही, 'हिला जमत नाही' असा शेरा मारला नाही. जागा ठेवली आणि वाट बघितली. आपल्याकडं दोन आठवडे थांबतात का?

आपल्या राज्यातही काम झालं आहे. मुंबईत १९९१ साली डॉ. राधिके खन्ना यांच्या पुढाकारानं ओम क्रिएशन्स ट्रस्ट सुरू झाला. बौद्धिक दिव्यांग मुली शाळेतून बाहेर पडल्या, आता पुढं काय, या प्रश्नातून तो निघाला. तिथं त्या हस्तकलेच्या वस्तू करतात, खाद्यपदार्थ करतात, त्याचे पैसे मिळवतात. हे मोठं काम आहे. कमाईनं माणसाची मान ताठ होते, आणि ताठ मानेलाही चिंतेवरचा उतारा म्हणता येईल.

पण इथं एक फरक ध्यानात ठेवायला हवा, तोही कॉलिंगवुडांचाच. कारागिरीत शेवटी काय तयार व्हायचं ते आधी ठरलेलं असतं. पणती म्हणजे पणतीच झाली पाहिजे, शंभर पाकिटं सारखी झाली पाहिजेत. कलेत शेवट आधी ठरलेला नसतो. कार्यशाळेत पणत्या रंगवणं चांगलं, पण तेवढ्यानं कलोपचार होत नाही. दिवाळीची मागणी आली की 'असं नाही, असं रंगव' म्हणावंच लागतं, ते कामच तसं आहे. म्हणून कार्यशाळेच्या वेळापत्रकात आठवड्यातून एक तास असा ठेवा, ज्यात काही विकायचं नाही आणि पंधरा ऑगस्टच्या प्रदर्शनात काही मांडायचंही नाही. पाहुण्यांना दाखवायला मुलाचं चित्र शिक्षकानं मागून 'दुरुस्त' केलं, की त्या चित्राचा उपयोग संपला. चित्र सुबक झालं असेल, पण ते आता त्याचं राहिलं नाही.

तो एक तास कसा असावा? प्रशिक्षित कलोपचारक तालुक्याच्या गावी मिळणं अवघड, हे मला कळतं. उपचार प्रशिक्षित माणसानंच करावेत. पण त्या ज्ञानातलं घरी आणि शाळेत वापरता येईल असं बरंच आहे.

पहिलं, वार, वेळ आणि जागा ठरलेली. तीच सतरंजी, तोच कोपरा. ज्याला पुढं काय होणार याची धास्ती आहे, त्याला 'पुढं हेच होणार' हा भरवसा म्हणजेच अर्धा उपचार.

दुसरं, निवड द्या, पण थोडी द्या. चोवीस रंगांची पेटी पुढं ठेवली, तर तो गोंधळेल. 'काव घ्यायची की चुना?' एवढंच विचारा. 'माती की कागद?' आणि त्यानं 'नको' म्हटलं, तर नको. कलोपचारात नको म्हणता आलं पाहिजे, कारण बाकी आयुष्यात त्याला ते म्हणू दिलेलं नाही.

तिसरं, सामान आपलंच वापरा. काव, चुना, गेरू, रांगोळी, कोळसा. पोळ्याला मातीचे बैल करतात, ती माती. वाकळ शिवायला ठेवलेल्या चिंध्या. मातीत एक गुण आहे. ती दाबली तर दबते, मोडली तर पुन्हा जुळते. चुकण्याची धास्ती तिच्यात राहत नाही. मात्र काही माणसं वस्तू तोंडात घालतात. त्यांच्याजवळ चुना, सुई, कात्री, रासायनिक रंग ठेवू नका. कणकेचा गोळा द्या, हळद-कुंकवाचे डोळे लावू द्या. कुणाला ओल्या मातीचा स्पर्शच नको वाटतो, त्याला बळजबरी नको.

चौथं, 'हे काय काढलंस?' असं विचारू नका. तो परीक्षेचा प्रश्न आहे. त्याला उत्तर येत नसेल, तर आपण नवी चिंता दिली. शेजारी बसा. आपणही एक कागद घ्या. 'इथं खूप लाल लावलास' एवढंच म्हणा. सांगायचं असेल तर तो सांगेल.

पाचवं, संपायच्या आधी सूचना द्या. 'आता दोन रेघा, मग बास.' हात धुवायचे, चित्र त्याच्या पेटीत त्यानंच ठेवायचं. पेटीवर त्याचं नाव किंवा खूण. ते चित्र रद्दीत घालायचं नाही, त्यावर भाजी निवडायची नाही.

आणि सहावं, चित्राची कुंडली मांडू नका. काळा रंग घेतला म्हणजे दुःखी, असं काही नसतं. काळा खडू हाताशी असेल म्हणूनही तो घेतो. मात्र एखादा माणूस एकाएकी बदलला, हात लावू देईना, विशिष्ट माणूस दिसताच कोपऱ्यात जाऊ लागला, तर ते गंभीरपणे घ्या. दुखणं असू शकतं, कुणीतरी त्रास देत असेल. आधी दात बघा, कान बघा, पोट बघा. फिट येत असतील तर डॉक्टरांना दाखवा. जिल्हा रुग्णालयात किंवा आपल्या अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञांना भेटा. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे, तिथं फोन करता येतो. ज्याला डॉक्टर हवा आहे, त्याला नुसता रंगाचा ब्रश देऊन भागत नाही.

आता पुन्हा महादूकडं येऊ, कारण हे सगळं त्याच्या ट्रॅक्टरच्या रात्रीशी जोडायचं आहे. समजा, दसऱ्यापासूनच घरात एक लांब कापड टांगलं. जुन्या धोतराचं असेल. त्यावर महादूनं भावाचा, भावजयीचा, लेकरांचा हाताचा ठसा कावेनं उमटवून घेतला. एक ट्रॅक्टर काढला, त्याला जमेल तसा. निघायच्या दिवसापर्यंत रोज एक ठिपका. ती माणसं गेल्यावर रोज रात्री जेवणानंतर आणखी एक ठिपका. ओळ वाढत जाते. फोनवर भावाला सांगता येतं, 'इतके झाले.' परतीचा दिवस कारखान्यावर अवलंबून असतो, तो आधी नेमका सांगता येत नाही, आणि खोटा सांगूही नये. पण गेलेली माणसं कापडावर आहेत, आणि रिकाम्या काळाला आता माप आहे. त्याची आठवण कमी होणार नाही, होऊही नये. घालमेल मात्र कमी होण्याची शक्यता आहे, कारण काय घडलं ते त्याला आता दिसतं आहे आणि ते त्यानं स्वतः मांडलं आहे.

कापडावर असं मांडणं आपल्या मातीला नवं नाही. दासोपंतांची पासोडी याच अंबाजोगाईची. सुमारे ४० फूट लांबीच्या कापडावर त्यांनी पंचीकरणासारखा अवघड विषय ओव्यांनी आणि आकृत्यांनी मांडला. दासोपंत पंडित होते. त्यांनासुद्धा डोळ्यांपुढं पसरून दाखवावं असं वाटलं. मग ज्याच्याजवळ शब्दच कमी, त्याला कापड लागलं तर त्यात नवल काय?

शेवटचा मुद्दा आईवडिलांसाठी. तुमच्या मनात एकच प्रश्न असतो, मला माहीत आहे. 'आमच्यानंतर कोण?' इथं चिंता फक्त त्याची नाही, तुमचीही आहे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते. अठरा वर्षं पूर्ण झालेल्या बौद्धिक दिव्यांग व्यक्तीसाठी कायदेशीर पालक नेमण्याचा अर्ज तिथं करता येतो. तो कागद करून ठेवा. बदलापूरला पालकांनीच एकत्र येऊन 'आधार' ही निवासी संस्था उभी केली, हेही ध्यानात ठेवा. एकेकट्यानं जे होत नाही, ते दहा पालकांनी मिळून होतं.

पण कायदेशीर पालक नेमला म्हणजे त्याला तुमचा मुलगा कळला, असं नाही. पावसाच्या आवाजानं तो घाबरतो, निळी वाटी दिसली नाही तर जेवत नाही, हे त्या नव्या माणसाला कोण सांगणार? तुम्ही नसाल, आणि त्याला शब्दांत सांगता येणार नाही. म्हणून त्याच्या चित्रांची एक वही करा. पानावर त्याचं चित्र, खाली तुमच्या हातानं तारीख आणि एक ओळ : हे काढलं तेव्हा काय झालं होतं, मग कशानं शांत झाला. वर्षाला वीस-पंचवीस पानं झाली तरी पुष्कळ. उद्या जो कुणी त्याला सांभाळेल, त्याच्या हातात ही वही पडली, तर चाळीस वर्षांच्या माणसाला तो पहिल्या दिवसापासून थोडा तरी ओळखेल. अनोळखी घरात ओळखीचं काहीतरी असणं, यापेक्षा मोठा उतारा चिंतेवर मला तरी माहीत नाही.

तेव्हा मोठ्या योजनेची वाट बघू नका. आठवड्यातला एक वार ठरवा, एक तास ठरवा, एक सतरंजी ठरवा. पहिले काही महिने काहीच होणार नाही कदाचित. तो येईल, बसेल, उठून जाईल. सतरंजी मात्र त्या वेळेला अंथरलेली असू द्या.

प्रश्न असतील ते आता घेऊ. आईवडिलांचे आधी.